कास्तेलनो ते कास्तेलनो: दॉर्दोन्य नदीकाठी अक्रोडाच्या बागांतून, किल्ले बघत केलेली एक दिवसाची गोल फेरी

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ही फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच करा. सकाळी वरचं पठार, दुपारनंतर खाली नदीकाठ. उलटं करू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऑक्टोबर होता आणि नकाशावर नदीकाठचा रस्ता सोपा दिसला म्हणून सकाळी साडेआठला आधी तिकडेच निघालो, तर खोऱ्यात धुकं इतकं दाट होतं की नदी पायाशी असून दिसत नव्हती आणि पलीकडच्या कड्यावरचा बेनाकचा किल्ला, ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो होतो, तो तर गायबच. धुकं अकराला फाटलं तेव्हा मी नदी सोडून जंगलात चढत होतो. शिवाय त्या दिशेने चाललं की कास्तेलनोचा किल्ला पूर्ण वेळ पाठीमागे राहतो, मान वळवून वळवून बघावा लागतो. दुसऱ्या वेळी मे महिन्यात दिशा बदलली आणि तीच वाट वेगळीच वाटली. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

कुठे आहे हे

फ्रान्सच्या नैऋत्येला दॉर्दोन्य नावाचा जिल्हा आहे, जुनं नाव पेरिगोर, आणि गावातली माणसं आजही पेरिगोरच म्हणतात. त्यातला सार्ला गावाभोवतीचा भाग म्हणजे पेरिगोर न्वार, काळा पेरिगोर, ओकच्या दाट जंगलांमुळे. दॉर्दोन्य नदी इथे मोठमोठी वळणं घेत जाते, दोन्ही बाजूंना पिवळसर चुनखडीचे कडे, आणि कड्यांवर किल्ले. आपल्याला फिरायचंय ते कास्तेलनो-ला-शापेल या गावाच्या हद्दीत, नदीच्या दक्षिण काठावर. गाव छोटं आहे, पाचेकशे वस्तीचं, पण त्याच्या डोक्यावरचा किल्ला जबरदस्त आहे, आणि समोर नदीपलीकडे, चालत जायच्या अंतरावर, त्याचा शत्रू बेनाक.

शत्रू हा शब्द मी उगाच वापरत नाही. इंग्लंड-फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध, 1337 ते 1453, त्यात ही नदी म्हणजे जवळजवळ सीमारेषा होती. बेनाक फ्रेंच राजाच्या बाजूचा आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूचा, मधे हात बदलत राहिला, शेवटी 1442 मध्ये सातव्या चार्ल्सच्या सैन्याने वेढा घालून घेतला. आणि युद्ध संपलं तेही याच नदीच्या खालच्या अंगाला, कास्तियोंच्या लढाईत. आपल्याकडे लोहगड-विसापूर असे शेजारी शेजारी आहेत पण ते एकमेकांचे साथीदार, इथे दोन किल्ले एकमेकांच्या खिडक्यांत बघत शतकभर दबा धरून बसलेले. हे डोक्यात असलं की चालताना नजर आपोआप एकावरून दुसऱ्यावर जाते, आणि या फेरीतली खरी मजा तीच आहे. आपल्याला सह्याद्रीत सवय असते किल्ल्यावर चढायची. इथे किल्ले बाजूला ठेवून शेतातून चालायचं, आणि ते कधी डावीकडे कधी समोर कधी अचानक झाडांच्या फटीतून दिसत राहतात.

पोचायचं कसं

पॅरिसहून बोर्दोला टीजीव्ही ट्रेनने साधारण दोन-सव्वादोन तास. बोर्दोहून सार्लाला छोटी टीईआर गाडी, अडीच-तीन तास, द्राक्षमळ्यांतून जाते, बेर्जराक वगैरे घेत. या गाड्या दिवसातून मोजक्याच असतात त्यामुळे बोर्दोला कनेक्शन बघूनच टीजीव्ही बुक करा, आधी टीजीव्ही आणि मग टीईआर असं केलंत तर बोर्दो स्टेशनवर तीन तास बसायची वेळ येते. सार्ला ते कास्तेलनो दहा-बारा किलोमीटर. बसवर भिस्त ठेवू नका, टॅक्सी करा, आणि परतीची टॅक्सी आदल्या दिवशीच फोन करून ठरवा. टॅक्सीवाले इथे नाक्यावर उभे नसतात, गावात एखाद-दोनच गाड्या असतात आणि त्या सकाळी पेशंटना हॉस्पिटलला नेण्यात अडकलेल्या असतात. राहत्या घराच्या मालकीणबाईंना सांगितलं तर त्या फोन करून देतात, मला दोन्ही वेळा अशीच मदत झाली.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतातून निघतानाच आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा, दोन्ही लागतात. किल्ल्याजवळ वर पार्किंग आहे, पैसे देऊन. पण मी म्हणेन गाडी खाली पुलाच्या बाजूला जमत असेल तर तिथे लावा, कारण संध्याकाळी पाय दमलेले असताना फेरी नदीकाठाने खालीच संपते, आणि मग परत किल्ल्यापर्यंत चढायला नको वाटतं.

कधी जायचं

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मे मध्ये सगळं हिरवंगार, दिवस मोठा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, बाजारात पेरिगोरच्या स्ट्रॉबेऱ्या. ऑक्टोबरमध्ये अक्रोड उतरवायची धांदल आणि सकाळचं ते धुकं, जे पठारावरून बघितलं तर फार सुंदर असतं, खोरं पांढऱ्या धुक्याने भरलेलं आणि त्यातून किल्ल्यांचे बुरूज वर आलेले.

जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन पस्तीसच्या वर जाऊ शकतं, नदीत कनू होड्यांची रांग लागलेली असते, पार्किंग मिळत नाही आणि राहायचे दर चढलेले असतात. सुट्ट्यांमुळे तेव्हाच जमणार असेल तर सकाळी सातला निघा आणि भर दुपार मिलांदच्या किल्ल्याच्या आत काढा.

ऑक्टोबरात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक म्हणजे महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर सहाच्या आधीच अंधारायला लागतं, तेव्हा त्या हिशोबाने निघा. दुसरी म्हणजे शिकार. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत इथे रानडुक्कर आणि हरणांची कायदेशीर शिकार चालते, खास करून शनिवार-रविवारी. वाटेवर 'शास आँ कूर' अशी पाटी दिसली म्हणजे शिकार सुरू आहे, तिथून पुढे जंगलात शिरू नका, दुसरी वाट घ्या किंवा तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारा, ते नारिंगी जाकीट घालून असतात आणि नीट सांगतात. तुम्ही स्वतःही भडक रंगाचं काहीतरी घाला. हिरवे-मातकट ट्रेकिंगचे कपडे त्या दिवसांत अजिबात नकोत.

नकाशा आणि खुणा

हे करा: फ्रेंच सरकारी नकाशा संस्था आयजीएन, त्यांचा 1:25,000 चा नकाशा घ्या, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. कागदी नकाशा सार्लाच्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो, आणि फ्रेंच सरकारच्या नकाशांच्या वेबसाइटवरही नकाशा फुकट बघता येतो. आदल्या रात्री बसून त्यावर आपली रेघ स्वतः आखा. दुसऱ्याचा ट्रॅक डाउनलोड करून आंधळेपणाने चालण्यापेक्षा हे खूप बरं, कारण रेघ आखताना कुठे चढ आहे कुठे डांबरी आहे कुठे शॉर्टकट आहे हे सगळं डोक्यात बसतं. आणि मग फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, जंगलात रेंज जाते.

आपली रेघ अशी: कास्तेलनोचा पूल, गाव आणि किल्ला, तिथून पश्चिमेकडे व्हियेलक्रोझच्या अक्रोडबागा, पठारावरच्या शेतवाटा आणि ओक-चेस्टनटचं जंगल, मिलांदचा किल्ला, मग उतरून नदीच्या बाजूने पूर्वेकडे परत, फेराकच्या छोट्या किल्ल्यावरून, पुलापर्यंत. कुठल्या पायवाटा जोडता त्यावर अवलंबून साधारण 12 ते 14 किलोमीटर. चालण्याचे चार-साडेचार तास, थांबणं-बघणं-खाणं धरून पूर्ण दिवस ठेवा.

रंगांच्या खुणा एकदा समजून घेतल्या की फ्रान्सभर उपयोगी पडतात. पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, या भागातून जीआर 64 जाते. पिवळा-लाल म्हणजे प्रदेशातली मोठी गोल वाट. नुसता पिवळा म्हणजे गावाची छोटी फेरी. दोन आडवे पट्टे एकाखाली एक म्हणजे सरळ जात राहा, पट्ट्याखाली वळलेला बाण म्हणजे त्या बाजूला वळा, आणि फुली म्हणजे ही वाट आपली नाही. फुली दिसली तर दहा पावलंसुद्धा पुढे जाऊ नका, मागे फिरा आणि शेवटची बरोबर खूण शोधा. खुणा झाडावर, विजेच्या खांबावर, दगडी कुंपणावर, कुठेही असतात. पंधरा मिनिटं एकही खूण दिसली नाही तर थांबून नकाशा बघायचाच.

टप्पा पहिला: पूल ते किल्ला

पुलावर उभं राहून आधी पाच मिनिटं नुसतं बघा. वर कास्तेलनो, त्याच्या पायाशी उतारावर चिकटलेली मधाच्या रंगाची घरं, तपकिरी कौलांची उतरती छपरं. पुलाच्या जवळच सेऊ नावाची छोटी नदी दॉर्दोन्यला येऊन मिळते, संगमच आहे, आणि किल्ला बरोबर इथेच का बांधला हे इथून बघितलं की कळतं, दोन्ही खोऱ्यांवर एकदम नजर.

गावातून चढ खडा आहे, दगडी गल्ल्या, पावसानंतर घसरड्या होतात कारण चुनखडी झिजून गुळगुळीत झालीय. चांगली पकड असलेले बूट हवेतच. पंधरा-वीस मिनिटांत किल्ल्याच्या दाराशी.

आत जायचं की नाही? माझं मत, पहिल्यांदा येत असाल तर जा, पण सकाळी उघडल्या उघडल्या, आणि दीड तासात बाहेर पडा. आत मध्ययुगीन युद्धकलेचं म्युझियम आहे, आणि तटावर पूर्ण आकाराची दगडफेकी यंत्रं बांधून ठेवलीत, लाकडी, घरापेक्षा उंच. गच्चीवरून समोर बेनाक, त्याच्या अलीकडे फेराक, उजवीकडे नदीपलीकडे मार्केसाकच्या बागा आणि लांब कड्याला बिलगलेलं ला रॉक-गाजाक गाव. दिवसभरात काय काय बघणार आहोत ते सगळं इथून एका नजरेत येतं. 1214 मध्ये सिमों द मोंफोर या सरदाराने हा किल्ला घेतला तिथपासूनचा इतिहास सांगता येतो, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मात्र तो ओस पडला, गावकरी दगड काढून न्यायला लागले. आज जो दिसतो तो विसाव्या शतकात नेटाने दुरुस्त केलेला. आपल्याकडच्या किल्ल्यांची आठवण येऊन पोटात कालवतं खरं.

टप्पा दुसरा: अक्रोडाची शेतं

किल्ल्यापासून पश्चिमेला निघालं की पंधरा मिनिटांत व्हियेलक्रोझची शेती लागते, तिथे अक्रोडाचं छोटं म्युझियम आहे. या फेरीतला माझा सगळ्यात आवडता भाग हा, किल्ल्यांपेक्षाही. झाडं सरळ ओळीत, एकमेकांपासून भरपूर लांब, खाली गवत नीट कापलेलं, आणि सावली एकदम पातळ, हिरवट. एप्रिलच्या मध्यात गेलात तर फांद्या उघड्याच दिसतील, अक्रोडाला पालवी उशिरा फुटते, आणि ते बरंच असतं, नाहीतर उशिराच्या थंडीने मोहोर जळतो.

पेरिगोरच्या अक्रोडाला 2002 पासून भौगोलिक ओळखीचं संरक्षण आहे, आपल्या देवगड हापूसला जीआय आहे तसंच समजा. चार जाती चालतात त्यात: फ्रांकेत, मार्बो, कॉर्न आणि ग्रांजाँ. ताजा अक्रोड कधी खाल्लाय का? सप्टेंबरअखेर बाजारात ओला अक्रोड येतो, त्याच्या गराची पातळ साल सोलून निघते आणि आतला गर दुधाळ, खोवलेल्या ओल्या नारळाच्या जवळ जाणारा. सार्लाच्या बाजारात बुधवारी आणि शनिवारी सकाळी मिळेल. सुका अक्रोड आपण वर्षभर खातो पण तो आणि हा यात काजू आणि ओले काजूगर यांच्याइतका फरक आहे.

आता नियम. खाली पडलेला अक्रोड उचलायचा नाही. एकही नाही. तो त्या शेतकऱ्याचं पीक आहे, मशीनने जमिनीवरूनच गोळा करतात. जंगलातले मश्रूमसुद्धा जमीनमालकाचे असतात, आणि सेप नावाच्या मश्रूमवरून इथली माणसं फार हळवी आहेत. फाटक उघडलं तर आपल्यामागे बंद करायचं, बंद नव्हतं तर तसंच ठेवायचं. पांढऱ्या फितीसारखी तार दिसली तर ती विजेची समजा, गुरांसाठी असते, हात लावू नका. पीक उभं असेल तर बांधावरूनच चालायचं. आणि 'प्रोप्रिएते प्रिव्हे' पाटी म्हणजे खासगी, पण कधीकधी अशी पाटी बाजूच्या घरासाठी असते आणि वाट सार्वजनिकच असते, अशा वेळी रंगाची खूण बघा, खूण असेल तर जा.

आणि कुणीही दिसलं, ट्रॅक्टरवरचा बाबा असो नाहीतर बागेत काम करणारी आजी, आधी बाँजूर म्हणायचं. न बोलता पुढे जाणं इथे उद्धटपणा समजतात. एकदा बाँजूर म्हटलं की मग मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये काहीही विचारा, माणसं हातातलं काम सोडून रस्ता दाखवतात.

टप्पा तिसरा: पठार आणि जंगल

अक्रोडबागा संपल्या की मक्याची शेतं, थोडी गुरांची कुरणं, आणि मग जंगल. वाटेत कुठेकुठे लांबट लाकडी कोठारं दिसतील, भिंतीच्या फळ्या उघडझाप करता येतील अशा. ती तंबाखू वाळवायची. पेरिगोरमध्ये तंबाखू मोठं पीक होतं, आता जवळपास संपलंय, कोठारं मात्र उभी आहेत. निपाणीकडच्या कुणी ती बघितली तर न सांगता ओळखेल.

जंगलाचा भाग सावलीचा, शांत, आणि खरं सांगायचं तर थोडा एकसुरी. इथेच वाट चुकायची शक्यता सगळ्यात जास्त कारण लाकूडतोडीचे रस्ते चहूकडे फुटतात आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. इथे नकाशा हातातच ठेवा. गवत उंच असेल तर फुल पँट घाला, मोजे वरून ओढून घ्या, गोचिड्या असतात आणि त्यांच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. औषधांच्या दुकानात त्यासाठी छोटा आकडा मिळतो, दोन-चार युरोचा, घेऊन ठेवा.

पाणी माणशी दोन लिटर घेऊनच निघा, वरती मिळत नाही. एक उपयोगी गोष्ट सांगतो, फ्रान्सच्या खेड्यात नळ हवा असेल तर दफनभूमी शोधायची, फुलांना पाणी घालायला तिथे बहुतेक वेळा नळ असतो. 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्याचं, आणि मधे 'नों' असेल तर पिऊ नका.

टप्पा चौथा: मिलांद

जंगलातून बाहेर पडलात की मिलांदचा किल्ला. किल्ला म्हणायचं पण हा लढाऊ नाही, राहायचा वाडा. 1489 मध्ये कास्तेलनोच्या मालकाने, फ्रांस्वा द कोमोंने, बायको क्लोदसाठी बांधला, म्हणतात तिला वरच्या काळोख्या गढीत राहायचं नव्हतं. दोन्ही वास्तू एकाच दिवशी बघितल्या की तिचं म्हणणं पटतं.

पण मिलांद ओळखला जातो तो जोसेफिन बेकरमुळे. 1906 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेली मुलगी, पॅरिसमध्ये नाचून-गाऊन जगप्रसिद्ध झाली, हा वाडा आधी भाड्याने आणि 1947 मध्ये विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धात ती फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी गुप्त माहिती पोचवत होती. नंतर तिने वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या धर्मांची 12 मुलं दत्तक घेतली आणि इथे वाढवली, माणसं एकत्र नांदू शकतात हे दाखवायला. पैसा संपला, कर्ज झालं, आणि 1969 मध्ये तिला इथून बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पायरीवर बसलेला तिचा तेव्हाचा फोटो आहे. ती पायरी आजही आहे, मी तिथे बराच वेळ उभा होतो. नोव्हेंबर 2021 मध्ये तिला पॅरिसच्या पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात मानाचं स्थान मिळालं, तिथे ठेवलेल्या पेटीत मिलांदची मातीसुद्धा आहे.

आत दीड-दोन तास सहज जातात, तिच्या पोशाखांचं प्रदर्शन आहे, आणि बाहेर बागेत शिकारी पक्ष्यांचे खेळ असतात. हिवाळ्यात बंद असतो, उघडायच्या तारखा निघण्याआधी बघून घ्या. माझ्या मते एकाच दिवसात कास्तेलनो आणि मिलांद दोन्ही आतून बघणं जड जातं. एकच निवडायचा झाला तर मिलांद निवडा, कास्तेलनो बाहेरूनही भरपूर कळतो, मिलांदची गोष्ट आत गेल्याशिवाय कळत नाही.

खाण्याचं काय

दुपारचं जेवण सोबत न्या. फ्रान्समध्ये बारा ते दोन जेवायची वेळ, त्यानंतर किचन बंद, तुम्ही अडीचला भुकेले पोचलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही. सकाळी निघतानाच बुलांजरीतून, म्हणजे बेकरीतून, बगेट (लांब फ्रेंच पाव) घ्या, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस तीही बंद असते, तेव्हा आदल्या दिवशीच दारावरची पाटी बघून ठेवा.

शाकाहारी लोकांनी इथे विशेष लक्ष द्यायला हवं, कारण हा बदकाचा प्रदेश आहे आणि बदकाची चरबी म्हणजे इथलं तेल-तूप. पोम सार्लादेझ ही लसूण घातलेली बटाट्याची भाजी, मेन्यूवर अगदी निरुपद्रवी दिसते, पण ती बदकाच्या चरबीत तळतात. तुराँ हे लसणीचं सूप, त्यातही पारंपरिक पद्धतीत तीच चरबी. विचारल्याशिवाय मागवू नका, 'साँ ग्रेस द कानार' म्हणजे बदकाच्या चरबीशिवाय, हे पाठ करून जा. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे बाजारातून घेतलेलं काबेकू, बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज, त्यावर थोडा मध आणि अक्रोड, बगेटसोबत. टोमॅटो, पीच, आणि शेवटी अक्रोडाचा केक. आम्ही घरून दाण्याची चटणीही नेली होती, चीजबरोबर छान लागते. (चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, कडक पाळणाऱ्यांनी तेही लक्षात घ्या.)

टप्पा पाचवा: नदीकाठ, आणि ज्यासाठी आलो ते

मिलांदहून साडेतीन-चारला निघा, त्याआधी नको. उतरून खोऱ्यात आलं की सपाट शेती, मका, आणि नदीच्या कडेला पॉपलरची रांग. आता तुम्ही पूर्वेकडे चालताय, नदी डाव्या हाताला, ऊन पाठीवर.

यातला काही भाग डी 53 या छोट्या डांबरी रस्त्यावरून जातो. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे आपण रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून, एकामागे एक चालायचं. रस्ता अरुंद आहे, वळणावर समोरचं दिसत नाही, गप्पा मारत शेजारी शेजारी चालू नका, मुलं सोबत असतील तर हात धरा. जिथे शेतवाट किंवा काठची वाट नकाशावर दिसते तिथे रस्ता सोडून तीच घ्या.

आणि मग फेराकच्या आसपास झाडं मोकळी होतात आणि नदीपलीकडे बेनाक समोर उभा राहतो. दीडशे मीटर उंच कडा, त्याच्या टोकावर किल्ला, पायथ्याशी पाण्याला लागून गाव. किल्ल्याचं तोंड दक्षिणेला, म्हणजे आपल्याकडेच, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन थेट त्याच्या भिंतीवर पडतं आणि दगड पिवळ्याचा केशरी होत जातो. बेनाकमध्ये जाऊन हे दिसत नाही, तिथे तुम्ही कड्याच्या पोटात असता. पूर्ण बेनाक बघायचा तर या काठावरूनच. इथे अर्धा तास बसा. खाली सपाट तळाच्या लाकडी होड्या जातात, त्यांना गाबार म्हणतात, पूर्वी दॉर्दोन्यवरून लाकूड आणि दारूची पिंपं खाली बोर्दोकडे न्यायच्या तशाच, आता त्यात पर्यटक बसतात.

याच भागात बेनाक गावाला वळसा घालणारा बायपास रस्ता होणार होता, नदीत पुलाचे खांबसुद्धा उभे राहिले होते, आणि डिसेंबर 2018 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं, पुढे बोर्दोच्या न्यायालयाने बांधलेलं पाडायलाही सांगितलं. गावात यावरून दोन तट होते, बेनाकच्या एकमेव रस्त्यावर उन्हाळ्यात गाड्या तुंबतात हेही खरंच आहे. पण त्या काठावर बसून समोर बघताना मला तरी कोर्टाचं म्हणणं बरोबर वाटलं.

फेराकचा किल्ला झाडीत लपलेला, छोटा, टोकदार छपरांचा. तो खासगी आहे, आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघायचा आणि पुढे निघायचं. फेराक सोडलं की थोड्याच वेळात समोर कास्तेलनो दिसायला लागतो, आणि आता मागून येणारं ऊन त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर असतं. इथून पुलापर्यंत तो समोरून हळूहळू मोठा होत जातो, तटावरची दगडफेकी यंत्रं नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागतात, आणि मधेच मागे वळलात तर बेनाक. दोघांच्या मधे तुम्ही, मक्याच्या शेतात.

वेळ कमी असेल किंवा जास्त असेल तर

आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर पूर्ण फेरी करू नका. दुपारी चारला पुलापासून निघून फेराकपर्यंत जा, बेनाकसमोर बसा, त्याच वाटेने परत या. चढ जवळजवळ नाही, चार-पाच किलोमीटर, आणि फेरीतला सगळ्यात चांगला नजारा यात येतो. गाडीने वर किल्ला आणि व्हियेलक्रोझ वेगळं बघता येईल.

दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून पलीकडे मार्केसाकच्या बागांत जा, दीड लाख बॉक्सवूडची झुडपं गोल गोल कापलेली, सहा किलोमीटरच्या वाटा, आणि कड्याच्या टोकावरून कालची पूर्ण फेरी खाली दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी बाग मेणबत्त्यांनी उजळतात, उन्हाळ्यात आलात तर तेवढं चुकवू नका.

आणीबाणीचा नंबर 112, फोनमध्ये भाषा इंग्लिश चालते, पण तुम्ही कुठे आहात ते सांगता आलं पाहिजे म्हणून जवळच्या वस्तीचं नाव नकाशावरून वाचून ठेवत चला.

परतीची टॅक्सी मी दोन्ही वेळा पुलाजवळ साडेसातला बोलावली होती, मे मध्ये तेव्हा ऊन चांगलंच असतं. नदीकाठच्या गवतावर बूट काढून पाय पाण्यात सोडले, वर किल्ल्यावर अजून ऊन होतं आणि खाली आमच्यावर सावली आली होती. टॅक्सी दहा मिनिटं उशिरा आली ते बरंच झालं.